सासरेबुवांच्या ऑक्टोपसची चरबी

ऑक्टोपसच्या अंगात चरबी किती आणि ती कुठल्या जातीची, हे मला जन्मात कळलं नसतं तरी माझं काहीही अडलं नसतं. मी शाळेत रसायन शिकवतो. शाळेतलं रसायन फळ्यावर असतं, आणि फळ्याला वास नसतो, ही त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट. पण आमच्या या ग्रीक बेटावर लोकांचा समज असा, की रसायनाच्या मास्तरला जगातल्या सगळ्या पदार्थांच्या पोटातलं ठाऊक असतं. मीही तो समज कधी खोडून काढला नाही. चारचौघांत मान मिळत असेल तर कशाला खोडून काढा?

घरात मात्र तो मिळत नाही. आमच्याकडे घर मुलीला मिळतं आणि नवरा त्या घरात कपाट आणावं तसा आणला जातो. म्हणजे बेटावरचा प्रत्येक पुरुष घरजावई. तरी कपाटाकडे लोक अधूनमधून बघतात. माझे सासरे पोथितोस लग्नाच्या दिवसापासून माझ्याशी थेट बोललेले नाहीत. भांडण नाही, राग नाही, फक्त बोलायचं ते माझ्या बायकोमार्फत, म्हणजे त्यांच्या मुलीमार्फत. मी समोर बसलेला असतो आणि ते म्हणतात, "एव्दोकिया, मास्तरला म्हणावं मीठ इकडे दे." मी मीठ देतो. ते म्हणतात, "दिलं वाटतं." जन्मभर ऑक्टोपस पकडलेल्या माणसाला बोटीत ओकणारा जावई मिळाला, याचा धक्का अजून ओसरलेला नाही, असं माझ्या सासूबाई सांगतात.

तर या सासरेबुवांच्या छातीत कळ आली. सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टरीण आल्या होत्या, मिर्सिनी नावाच्या. पोरगी हुशार, पण लारिसाकडची, म्हणजे सपाट मैदानातली. तिकडे गहू पिकतो. तिने रक्त तपासलं, तक्ता उघडला आणि सांगितलं, "ऑक्टोपस बंद, माकूल बंद, नळमाकूलसुद्धा बंद. फार कोलेस्टेरॉल असतं त्यांत." माकूल आणि नळमाकूल म्हणजे ऑक्टोपसचीच शाई सोडणारी भावंडं.

आणि हे कधी? तर ईस्टरआधीच्या सात आठवड्यांच्या मोठ्या उपासाच्या अगदी तोंडावर. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही, मासा नाही, आणि आमच्या थेमेलिनाबाईंसारखी, म्हणजे माझ्या सासूबाईंसारखी कडक बाई घरात असली तर शनिवार-रविवार सोडून तेलाचा थेंबही नाही. चालतं काय, तर ज्याच्या अंगात लाल रक्त नाही ते. म्हणजे मुख्यतः हेच तिघं. देवाने सगळं काढून घेऊन ज्या तिघांना ताटात राहू दिलं होतं, त्यांना डॉक्टरीणबाईंनी उठवलं.

सासरे वाद घालतील असं आम्हाला वाटलं होतं. ते सरळ घरी आले, अंगणातल्या दोरीवर माझ्या शर्टांच्या शेजारी वाळत घातलेला ऑक्टोपस काढला आणि मांजरांना टाकला. मग त्यांची ती काचेच्या तळाची बालदी, जी पाण्यावर टेकवून ते समुद्राचा तळ बघतात आणि जिला त्यांच्याशिवाय कोणी हात लावलेला त्यांना खपत नाही, ती खिळ्याला उलटी टांगली. आणि खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवून बसले. पाव आणि चार ऑलिव्ह. सकाळी तेच, संध्याकाळी तेच.

"बाबा, डाळ घ्या ना थोडी," एव्दोकिया म्हणायची.

"उपास आहे ना? उपास करतोय."

माणूस डोळ्यांदेखत वाळायला लागला. पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. एक दिवस एव्दोकिया स्वयंपाकघरात भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "हृदयाने नाही जायचे रे ते. असे भिंतीकडे बघत जातील. तू काहीतरी कर." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या म्हाताऱ्याचा राग यायचा, पण त्या दिवशी तिच्या हातातलं भांडं घेऊन मीच घासलं, हे कबूल करतो.

काहीतरी करायचं म्हणून मी कॉफीच्या दुकानात जाऊन बसलो. दुकान आमच्या शेजाऱ्याचं, अगापितोसचं. हा माणूस कॉफी वाईट करतो आणि सल्ले फुकट देतो, आणि दोन्ही घ्यावे लागतात.

"मास्तर, तू रसायनवाला ना? मग त्या पोरीला सांग की ऑक्टोपस चांगला असतो."

"असं नुसतं सांगून भागत नाही," मी जरा खुर्चीत सावरून म्हणालो. "चरबी म्हणजे एक वस्तू नव्हे, अगापितोस. ती मेदाम्लांची बनलेली असते. काही मेदाम्लं हृदयाचे वैरी, काही हृदयाचे मित्र. ऑक्टोपसमध्ये कुठली किती, हे तपासल्याशिवाय बोलणं अशास्त्रीय ठरेल."

"म्हणजे तू तपासणार!"

"मी तसं म्हणालो नाही."

"ऐका रे!" अगापितोस ओरडला. "मास्तर ऑक्टोपस तपासणार आहे!"

संध्याकाळपर्यंत बेटावर एकही माणूस उरला नाही ज्याला हे ठाऊक नव्हतं. पाद्रीबाबांनी तर चर्चच्या दारात माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "देव पाठीशी आहे. त्याने ज्याला परवानगी दिली ते वाईट कसं निघेल?" आता परमेश्वराचीही अब्रू माझ्या हातात आली.

डॉक्टरीणबाई मात्र सरळ बोलल्या. "कोलेस्टेरॉल जास्त असतं हे खरंय, मास्तर. पण चरबी कुठली आहे यावर बरंच अवलंबून असतं, हेही खरं. मला मेदाम्लांचं प्रमाण कागदावर आणून द्या. मग आपण बोलू."

पहिला प्रयत्न मी शाळेच्या प्रयोगशाळेत केला. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक मोरी, एक कपाट आणि मुलांना दाखवायचा सांगाडा. बाजारातून ऑक्टोपसचा एक पाय आणला, बारीक कुटला, ईथरमध्ये भिजवला, गाळला आणि खिडकीत ठेवून ईथर उडू दिलं. हे सगळं लिहायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात मुख्याध्यापक दारात उभे राहून म्हणाले, "मास्तर, शाळेत काही मेलंय का?" आणि बंदरावरची झाडून सगळी मांजरं खिडकीखाली येऊन बसली, सभेला बसावी तशी.

शेवटी बशीच्या तळाशी मसुरीच्या दाण्याएवढा पिवळट ओघळ उरला. मी तराजू आणायला वळलो. परत येऊन बघतो तो एक पिवळी मांजरी बशी चाटून आपले ओठ पुसत होती. माझं संशोधन तिच्या पोटात गेलं आणि तिने माझ्याकडे असं बघितलं, की बस, एवढंच?

मग अथेन्सच्या एका प्रयोगशाळेला फोन लावला. फोनवर एक बाई होत्या, आवाज गोड. "तिन्ही प्रकार पाठवा. ऑक्टोपस, माकूल, नळमाकूल. ताजे, साफ केलेले, बर्फात."

"पाठवतो," मी म्हणालो.

पण ताजे आणायचे कुठून? सासरे हात लावायला तयार नव्हते. "एव्दोकिया, मास्तरला विचार, ऑक्टोपसने कोणाचं काय वाकडं केलंय? त्याला परीक्षेला कशाला बसवायचं?" मी गुपचूप दुकानातून गोठवलेला एक आणला. कुठल्या परमुलखातल्या समुद्राचा होता, पिशवीवरची लिपीसुद्धा वाचता येत नव्हती. तो ओट्यावर विरघळत ठेवला आणि सासरे पाणी प्यायला आत आले.

त्यांनी त्याच्याकडे बघितलं. बोटाने ढोसलं. मग कितीतरी दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "एव्दोकिया! हा कोण? या परक्याच्या अंगावरून माझ्या ऑक्टोपसचा निवाडा करणार काय हा? लाज वाटायला पाहिजे घराला!" आणि खिळ्यावरची बालदी उतरवली. "मास्तरला म्हणावं, यायचं तर उद्या उजाडताच. उशीर झाला तर मी थांबणार नाही."

उद्या म्हणजे पंचवीस मार्च. स्वातंत्र्यदिनाचं संचलन, आणि शाळेच्या तुकडीपुढे झेंड्यामागे मी. परत आल्यावर कपडे बदलायला वेळ मिळणार नाही, म्हणून मी पांढरा शुभ्र शर्ट आणि टाय घालूनच बोटीत बसलो. ही हुशारी माझी स्वतःची, तिचं श्रेय दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

बोटीत मी काय केलं ते सांगत नाही, लग्नानंतर केलं होतं तेच केलं. सासरे बालदीत तोंड घालून पाण्यात बघत होते आणि वल्ही मारत होते, आणि मी खरं सांगतो, त्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाचा तिथे पत्ताच नव्हता. पाठ ताठ, हात चपळ. तीनदाती भाला खाली गेला की काहीतरी घेऊनच वर यायचा. ऑक्टोपस मिळाला. गळाला नळमाकूल लागली. शेवटी एक मोठी माकूल वर आली आणि त्यांनी ती माझ्याकडे टाकली. बायको बोटीत नव्हती, त्यामुळे त्यांनी आभाळाला सांगितलं, "तोंड बाहेरच्या बाजूला धरावं म्हणावं."

मी आतल्या बाजूला धरलं होतं.

माकुलीची शाई किती असते हे पुस्तकात वाचून कळत नाही. छातीच्या मधोमध थाळीएवढा काळा डाग घेऊन मी संचलनात चाललो. कोट नव्हता. टायचा तर नुसता आकार उरला होता. नगराध्यक्षांनी सलामी घेता घेता विचारलं, "मास्तर, कुठल्या लढाईत?" पोरं बँडच्या तालात हसत होती. अगापितोसने टाळ्या वाजवल्या, एकट्यानेच. मी मान ताठ ठेवून चाललो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

सासूबाईंनी तिन्ही प्राणी साफ करून दिले आणि मी बर्फाचा डबा घेऊन बोटीच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून माझा जुना विद्यार्थी, आणि मी त्याला रसायनात नापास केलेलं. हे तो विसरला नव्हता.

"काय आहे यात, सर?"

"शास्त्रीय नमुना."

"मग विद्यापीठाचा शिक्का लागेल."

"बरं, खाण्याचा पदार्थ समज."

"विक्रीचा? मग जनावरांच्या डॉक्टरचा दाखला."

"अरे, काय केलं म्हणजे हा डबा जाईल?"

त्याने डोळे मिचकावले. "घरचा खाऊ असला, अथेन्समधल्या नातेवाइकाला, तर काहीच लागत नाही. रोज शंभर डबे जातात, सर. तुमची भाची-बिची नाही का कोणी तिकडे?"

म्हणून डब्यावर मी लिहिलं, 'भाचीस', आणि खाली प्रयोगशाळेचा पत्ता. तेवढ्यात वारा सुटला आणि बोट बंद झाली. वारा पडेपर्यंत एकही जहाज सुटणार नव्हतं. डबा घरी परत आणला आणि सासूबाईंच्या ताब्यात दिला. "आई, हा थंड ठेवा. वारा पडला की आधी हाच बोटीवर चढवा, मी शाळेत असेन."

सासूबाईंनी झाकणावरचं वाचलं. "भाची? कोणती रे?"

"प्रयोगशाळेतली मुलगी हो. आहे एक, चांगली आहे बिचारी."

"एकटीच राहते?"

"असेल," मी म्हणालो. घाईत होतो.

वारा पडला, डबा गेला. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात शाळेच्या संगणकावर अहवाल आला. मी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. तिन्ही प्राण्यांत एकच मेदाम्ल उठून दिसत होतं, ऑलिक आम्ल, जवळजवळ तीन चतुर्थांश! हृदयाचा सगळ्यात जवळचा मित्र! माझ्या पुस्तकात समुद्री प्राण्यांत ते इतकं कधीच नव्हतं. मी खुर्चीवरून उठलो. माझ्या डोक्यात एकदम मोठमोठे विचार आले, त्यात परिषदा होत्या, टाळ्या होत्या, आणि पहिल्या रांगेत सासरे बसले होते.

कॉफीच्या दुकानात मी अहवाल उभ्याने वाचून दाखवला.

"ऑलिक म्हणजे ऑलिव्हसारखं?" अगापितोसने विचारलं.

"ऑलिव्हच्या तेलात असतं तेच!"

"सांगत नव्हतो मी?" तो टेबलावर हात आपटून ओरडला. "माझे आजोबा म्हणायचे, अंधार पडला की ऑक्टोपस किनाऱ्यावर येतो आणि ऑलिव्हच्या झाडावर चढतो! लोक हसायचे त्यांना! आता बोला!"

शास्त्राने सिद्धच केलं होतं. अगापितोसने सगळ्यांना कॉफी पाजली, तीही पैसे न घेता, यावरून प्रसंगाचं महत्त्व लक्षात यावं. मग आम्ही सगळे मिरवणुकीने दवाखान्यात गेलो. पुढे मी, मागे अगापितोस, पाद्रीबाबा, एव्दोकिया, सासूबाई, आणि एव्दोकियाने हाताला धरून ओढत आणलेले सासरे.

डॉक्टरीणबाईंनी अहवाल वाचला. खालून वर, वरून खाली. त्यांच्या ओठांचा कोपरा हलायला लागला.

"मास्तर, हे प्रमाण मी ओळखते," त्या म्हणाल्या. "हे आमच्या आईच्या कोशिंबिरीचं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे हे ऑक्टोपसचं नाही. हे ऑलिव्हचं तेल तपासलंय. थांबा." त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्याच गोड आवाजाच्या बाई होत्या.

"हो हो, तो डबा! मला वाटलं तुम्हाला तयार पदार्थच तपासून हवाय, म्हणून तपासला," त्या म्हणाल्या. "पण काय हो चव! ओरेगानो, व्हिनेगर, सगळं कसं बेताचं. तपासून उरलेलं आम्ही… म्हणजे, शिल्लक नाही काही. ज्यांनी केलं त्यांना सांगा, भाचीने ताट पुसून खाल्लं म्हणून."

सगळ्यांनी हळूहळू माना वळवून सासूबाईंकडे बघितलं.

"मग काय कोरडं पाठवायचं?" सासूबाई कडाडल्या. "माझ्या घरातून अथेन्सला डबा जातोय, परक्या शहरात एकटी पोर, आणि तिला कच्चे पाय पाठवू? वारा पडेना, नासलं असतं ते! उकडलं, भाजलं, वर भरपूर तेल घातलं, तेलात राहतं. उपासाचा बुधवार होता, माझ्या हाताला त्या दिवशी तेल लागायला नको होतं, तरी घातलं! पाप लागलं तर मला लागेल!"

"नाही लागणार," पाद्रीबाबा घाईघाईने म्हणाले.

मी भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे बघत राहिलो. शाईचा डाग परवडला, असं वाटलं. आणि तेवढ्यात एक विचित्र आवाज आला. वल्ह्याची खुंटी करकरावी तसा. सासरे हसत होते. पोट धरून, डोळे पुसत, "झाडावर चढतो म्हणे! अगापितोस, झाडावर!" आणि पुन्हा हसत होते. एव्दोकिया त्यांच्याकडे बघून हसायला लागली आणि मग रडायला लागली, आणि कोणीच तिला थांबवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना काट्यावर उभं केलं. आकडा बघून बाईंचं हसू मावळलं. "काय खाताय तुम्ही?"

"पाव," एव्दोकिया म्हणाली. "आणि भिंत."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मास्तर, तुम्ही शाळेत प्रयोग केला होता म्हणे. किती चरबी निघाली होती?"

"मांजरीने चाटली," मी पुटपुटलो.

"पण होती केवढी?"

"मसुरीएवढी."

"एवढ्या मोठ्या पायातून?"

"हो."

"अहो, मग हाच तुमचा निकाल होता! त्यात चरबीच नावापुरती. आहे तीही बरीचशी भली, मी नंतर पुस्तकं उघडून बघितलं. अथेन्सला जायचं कारणच काय होतं?"

एक मांजरी माझ्या आधी निष्कर्षाला पोचली होती.

"कोलेस्टेरॉल आहे, ते मी नाही म्हणणार नाही," त्या सासऱ्यांकडे वळल्या. "म्हणून तळलेलं नाही आणि रोज नाही. पण मला एक सांगा, गेल्या महिन्याभरात तुम्हाला बरं कधी वाटलं?"

सासऱ्यांनी सैल झालेला पट्टा वर ओढला. "बोटीत," ते म्हणाले. "एकदा."

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला आणि गोळ्या लिहितात तसं लिहिलं. मग वाचून दाखवलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ऑक्टोपस, माकूल किंवा नळमाकूल, आठवड्यातून एकदा. उकडून किंवा भाजून. फक्त स्वतः पकडलेलं. विकत आणलेलं अजिबात चालणार नाही." थोडं थांबून त्यांनी खाली आणखी एक ओळ घातली. "हृदयाचा पेशंट आहे, एकट्याने समुद्रात जायचं नाही. सोबत जावयाने जावं."

"डॉक्टरीणबाई," मी कळवळून म्हणालो, "मला बोट लागते."

"त्याला गोळी आहे," त्या म्हणाल्या.

शनिवारी उजाडताना मी धक्क्यावर गेलो, या वेळी काळा शर्ट घालून. सासरे आधीच बोटीत होते. बालदी त्यांच्या मांडीवर होती. मी चढलो, तोल गेला, बसलो. त्यांनी दोर सोडला आणि सवयीने धक्क्याकडे बघितलं. तिथे एव्दोकिया नव्हती. ती घरी झोपली होती.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, बालदी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"मी वल्हवतो," ते म्हणाले. "तू तळ बघ. आणि तोंड बाहेरच्या बाजूला ठेव."